समुद्रातली तेलाची विहीर

खोल समुद्रात मासेमारीला गेलेल्या कोळी बांधवांना रात्री दूरवर ज्योत दिसते. ती 'मुंबई हाय'ची. ही जागा मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आहे. 1974 साली तिथे तेल सापडले. 1976 साली ते काढू लागले.

शेतात राखणीला माळा बांधतात ना? तसाच हा समुद्रातला लोखंडी माळा. त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. त्याचे पाय समुद्राच्या तळात ठोकलेले असतात. विहिरीतून तेल, वायू नि पाणी एकत्र वर येते. ते वेगळे करतात. तेल नळातून उरणला जाते. उरलेला वायू जाळतात, तीच ती ज्योत.

कामगार हेलिकॉप्टरने जातात. रोज बारा तास काम. साधारण चौदा दिवस काम, मग चौदा दिवस घरी.

काम जोखमीचे. 27 जुलै 2005 रोजी एक मोठी बोट जखमी माणसाला उपचारासाठी आणत होती. ती वायूच्या नळावर आदळली. आग भडकली. 22 माणसे गेली.

प्लॅटफॉर्मपासून 500 मीटरच्या आत बोट नेण्यास मनाई आहे, ती यासाठीच. खांबांपाशी मासळी जमते खरी. पण बाबांनो, मासळी दुसरीकडेही मिळेल. ज्योत दिसली की बोट लांबूनच वळवा.