मनाची तपासणी : एक शिकण्याजोगी विद्या



ताप पाहावयास थर्मामीटर आहे, रक्तदाब पाहावयाचा तर त्याचेंही यंत्र आहे. पण मन बिघडलें आहे कीं काय, हें सांगणारें यंत्र दवाखान्याच्या कपाटांत नसतें. तेथें डॉक्टरांचीं आणि परिचारिकांचीं साधनें तीनच : डोळे, कान आणि प्रश्न. हीं साधनें सर्वांनाच जन्मतः मिळालेलीं असल्यामुळें तीं वापरण्याचें शिक्षण घ्यावें लागतें, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मीं आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले. परंतु प्रश्न विचारणें ही स्वतंत्र विद्या आहे, हें मला फार उशिरा कळलें. आज तिच्याविषयींच चार शब्द बोलणार आहें.

२०१५-१६ सालीं बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेनें देशांतील १२ राज्यांत पाहणी केली. तंबाखूचें व्यसन वगळतां, प्रौढांपैकीं १०.६ टक्के लोकांना त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें तींत आढळलें. आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोंचलेच नव्हते. मनोविकारतज्ज्ञ थोडे, तेही बहुतेक शहरांत. तेव्हां प्राथमिक तपासणी साध्या डॉक्टरांना व परिचारिकांनाच करतां आली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें तर सरकारी आरोग्यसंस्थांतील व तुरुंगांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना असें शिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

या शिक्षणांतील पहिला धडा क्रमाचा. रोग्याचा पेहराव व वागणूक, बोलण्याची गति, मनाची स्थिति, विचारांचा ओघ, भास, स्मरण व अवधान, आणि शेवटीं आपल्याला कांहीं झालें आहे याची त्याला असलेली जाणीव, अशा पायऱ्यांनीं पाहावयाचें. क्रम ठरलेला असला म्हणजे घाईंतही एखादी पायरी सुटत नाहीं.

दुसरा धडा असा कीं, मनाला दोष देण्याआधीं शरीर पाहावें. माझ्या वडील बंधूंची हकीकत सांगतों. वय ७८. दोन दिवसांत त्यांचें बोलणें असंबद्ध झालें. सकाळीं बरें असे, तर रात्रीं भिंतीवर माणसें दिसत. घरांतील सर्वांनीं, मीं सुद्धां, म्हातारपण म्हणून सोडून दिलें. वहिनींना इंजेक्शन देण्यासाठीं आलेल्या परिचारिकेनें मात्र दोन गोष्टी केल्या. ‘हें केव्हांपासून?’ असें विचारलें, आणि दादांना आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगितलें. शनिवार, शुक्रवार, आणि तेथेंच ते हरवले. एकाएकीं सुरू होणारा, दिवसभरांत कमीजास्त होणारा आणि अवधान टिकूं न देणारा गोंधळ हा बहुधा शारीरिक आजाराचा परिणाम असतो, हें तिला शिकविलेलें होतें. तिच्या सांगण्यावरून त्यांस त्याच दिवशीं रुग्णालयांत नेलें. मूत्रमार्गांत जंतुसंसर्ग निघाला. थोड्याच दिवसांत दादा पुन्हां वर्तमानपत्रांतील शुद्धलेखनाच्या चुका काढूं लागले. ती बाई त्या दिवशीं आली नसती तर काय झालें असतें, हा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो.

तिसरा धडा मोजमापाचा. नैराश्यासाठीं ‘पीएचक्यू-९’ नांवाची ९ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास कितपत झाला, याला ० ते ३ गुण. एकूण गुण २७. १० किंवा अधिक आले तर सखोल चौकशी करावयाची. गुण म्हणजे निकाल नव्हे, ही गोष्ट मला शिक्षक या नात्यानें फार पटली. शिवाय आपल्याकडे ‘मी उदास आहें’ असें कोण म्हणतो? ‘करमत नाहीं’, ‘छातींत धडधडतें’, ‘अंगांत त्राण नाहीं’ असेंच माणूस म्हणतो. या बोलण्यामागचें दुःख यादीला ओळखतां येत नाहीं. तें तपासणाऱ्यानेंच ओळखावयास शिकावें लागतें.

सर्वांत अवघड धडा त्या यादींतील नवव्या प्रश्नाचा. जगणें नको असें मनांत येतें का, हें विचारावयास अनुभवी डॉक्टरही कचरतात. विचारल्यानें नसता विचार डोक्यांत भरेल, अशी भीति त्यांना वाटते. संशोधनाअंतीं ती निराधार ठरली आहे. उलट, कोणीतरी विचारलें याचाच पुष्कळांना आधार वाटतो. म्हणून प्रगत वर्गांत हा प्रश्न नुसता पाठ करून भागत नाहीं. एक जण रोगी होतो, दुसरा तपासणारा, आणि तिसरा पाहून चुका सांगतो. विचार किती बळावला आहे, बेत ठरला आहे काय, साधन हाताशीं आहे काय, पूर्वीं कधीं प्रयत्न झाला होता काय, सोबतीला कोण आहे, हें सारें शांत स्वरांत, चेहऱ्यावर भीति न दाखवितां विचारण्याचा सराव होतो. उत्तर धोक्याचें आलें तर रोग्यास एकटें न सोडणें, घरांतील कीटकनाशकें व औषधें दूर करविणें आणि त्याच दिवशीं त्याला तज्ज्ञाकडे पोंचविणें, हेंही त्याच धड्यांत येतें.

आपण घरच्या मंडळींनींही या कामीं साह्य करावें. रोग्याच्या वतीनें आपणच उत्तरें देऊं नयेत. थोडा वेळ त्याला डॉक्टरांशीं एकट्याला बोलूं द्यावें. ‘केव्हांपासून?’ याचें उत्तर मात्र नेमकें तयार ठेवावें. डॉक्टरांनीं तो नववा प्रश्न विचारला तर रागावूं नये. ते आपलें काम नीट करीत आहेत असें समजावें. जवळ डॉक्टर नसल्यास १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झालेली सरकारी दूरध्वनिसेवा आहे. ती मोफत असून रात्रंदिवस चालते, आणि तेथें मराठींतही बोलतां येतें.

आमच्या घरीं एक साधा प्रश्न वेळेवर विचारला गेला. तसा तो प्रत्येक घरीं विचारला जावो, एवढें म्हणून आपली रजा घेतों.