तुडतुड्याला औषधाची सवय होत नाही

मोहोर आला की मिरजोळ्यापासून पावसपर्यंत बागायतदारांची एकच तक्रार कानावर येते. "पूर्वी एवढ्या फवारण्या लागत नव्हत्या. आता पंप खाली ठेवायला मिळत नाही. तुडतुड्याला औषधाची सवय झालीय."

आम्ही शिकवणारी माणसं. हे ऐकलं की वाटतं, याचं उत्तर पोराच्या दप्तरातच पडलेलं आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आहे, 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. उर्दूत उत्क्रांतीला इर्तिका म्हणतात. धड्याचं नाव वाचून काही पालक बिचकतात, "हे माकडाचं शिकवायलाच हवं का?" म्हणतात. माणसाच्या उत्पत्तीचा प्रश्न आलिमांना जरूर विचारा. पण त्या भीतीने सगळा धडाच बाजूला सारला, तर नुकसान आपल्या कलमांचं आहे. आणि जीवसृष्टीकडे डोळे उघडून पाहणं आपल्याला परकंही नाही. बसऱ्याच्या जाहिज यांनी नवव्या शतकात 'किताबुल हयवान' लिहिली. कोणता प्राणी कोणाला खातो, जगायला काय करतो, याची निरीक्षणं त्यात आहेत.

तर मुद्दा 'सवय' या शब्दाचा. एखाद्या तुडतुड्याला औषध थोडं थोडं पचवून सवय होत नाही. ज्याच्या अंगात ते सोसायची ताकद नाही, तो मरतोच. पण कलमावरचे सगळे तुडतुडे सारखे नसतात, जशी एका आईची चार मुलं सारखी नसतात. समजा, दहा हजारांत दहा असे आहेत की त्यांचं शरीर ते विष लवकर फोडून टाकतं, किंवा विष जिथे जाऊन चिकटतं ती जागाच त्यांच्यात थोडी वेगळी आहे. हा फरक जनुकांतला, जन्मापासूनचा. फवारणी करण्याआधीपासून तो तिथे होता. फवारणीने एवढंच केलं, की बाकीच्यांना मारून या दहांना मोकळं रान दिलं. पुढची पिल्लं त्यांची, आणि तोच गुण घेऊन आलेली. तेच औषध पुन्हा मारलं की तशांचं प्रमाण आणखी वाढतं. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. फुलकिड्याची एक पिढी उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पुरी होते, म्हणजे एका हंगामात हा खेळ कितीदा होत असेल बघा.

कापसात हे आपल्या राज्याने भोगलं आहे. बोंडअळीला मारणारं बीटी बियाणं भारतात २००२ मध्ये आलं. २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत त्याला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी सापडल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. दोन जनुकांचं सुधारित बियाणं २००६ पासून बाजारात होतं, पण २०१७ मध्ये विदर्भात त्याच्याही बोंडांत अळ्या निघाल्या. खरं तर बीटीच्या पाकिटासोबत साध्या कापसाचं बियाणं दिलं जायचं, कडेने लावायला. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा टणक अळ्यांच्या पतंगांशी संकर व्हावा आणि तो गुण पसरायला वेळ लागावा, हा हेतू. 'मुद्दाम कीड कशाला पोसायची?' म्हणून बहुतेकांनी ते लावलंच नाही. शेतकऱ्याला आम्ही एकट्याला दोष देणार नाही. हेतू समजावून सांगायला त्याच्या बांधावर गेलं कोण?

आंब्यात घोटाळा होतो तो नावांचा. दुकानदार डबा बदलून देतो, आपल्याला वाटतं औषध बदललं. पण डेल्टामेथ्रिन आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन एकाच गटातली, कीटकाच्या मज्जातंतूंवर एकाच जागी काम करणारी. इमिडाक्लोप्रिड आणि थायोमेथोक्झाम हीसुद्धा एका गटातली भावंडं. डेल्टामेथ्रिनमधून वाचलेल्याला लॅम्बडाचीही फारशी भीती नसते. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात फवारणीगणिक औषध बदलतं, तसं गटही बदलतोय ना हे पाहून घ्यावं. गरज नसताना 'शेजाऱ्याने मारलं म्हणून' मारणं टाळावं. प्रत्येक जादा फवारणी ही निवडीची आणखी एक फेरी असते.

डब्याच्या मागे बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं. दुकानात जाताना दहावीतल्या पोराला किंवा पोरीला बरोबर न्या आणि ते नाव वाचायला सांगा.