‘काटेवाडी’ पडद्यावर कशी उमटते?

बारामती तालुक्यातील काटेवाडीचे नाव इनस्क्रिप्ट पद्धतीने टाइप करायला ८ कळा दाबाव्या लागतात. पहिली कळ ‘के’ची, तिने ‘क’ उमटतो. पण कीबोर्डला अक्षरे ठाऊक नसतात. यूएसबी कीबोर्ड त्या कळेसाठी १४ हा आकडा पाठवतो. लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला, ड्रायव्हर (उपकरण हाताळणारा प्रोग्राम) त्याचा ३७ करतो आणि कळ दाबली की सोडली, हेही कळवतो. कर्नेलमधली एक चूक अख्खा संगणक बंद पाडू शकते. म्हणून ड्रायव्हरचा कोड आटोपशीर आणि काटेकोर हवा. अक्षर ठरते कर्नेलच्या वरच्या थरात. त्यामुळेच मराठीसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कळांचा तक्ता बदलला की पुरते.