परक्या धुराची काजळी

धूम्रपानाने फुप्फुसे नासतात, हे सत्य आता पाकिटांवरील भेसूर चित्रांनीच घरोघर पोहोचविले आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही त्या धुराची बाधा होते, हेही सुशिक्षित समाजाने, निदान तोंडाने तरी, मान्य केले आहे. परंतु हा परका धूर केवळ छातीतच उतरतो, की मनावरही काजळी धरतो, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

स्कॉटलंडमध्ये १९९८ व २००३ साली तेथील जनतेच्या आरोग्याची पाहणी झाली. तिच्या आधारे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मार्क हॅमर व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः धूम्रपान न करणारे साडेपाच हजारांहून अधिक प्रौढ स्त्री-पुरुष त्यात होते. ‘तुमच्या आसपास कोणी सिगारेट ओढते काय?’ एवढे विचारून संशोधक थांबले नाहीत. त्यांनी लोकांची लाळ तपासली. निकोटीन शरीरात गेले म्हणजे त्यापासून कोटिनीन नावाचे द्रव्य बनते व ते लाळेत उतरते. माणसाची जीभ भिडेखातर खोटे बोलेल, लाळ तसे करीत नाही. ज्यांच्या लाळेत हे द्रव्य अधिक आढळले, त्यांच्यात मानसिक अस्वास्थ्याचा संभव धुरापासून दूर राहिलेल्यांच्या सुमारे दीडपट होता. पुढे सुमारे सहा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा मनोविकारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा संभवही त्यांच्यात अधिक दिसला.

येथे विवेक राखला पाहिजे. संबंध आढळला म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे नव्हे. जेथे घर कोंदट, प्राप्ती तुटपुंजी आणि कलह नित्याचे, तेथे धूरही अधिक व मनस्तापही अधिक, असे असू शकेल. सामाजिक स्थितीसारख्या गोष्टींचा हिशेब वजा जाताही हा संबंध उरतो, असे संशोधकांनी दाखविले. तथापि मनोविकारासाठी दाखल झालेल्यांची एकूण संख्या अवघी ४१ होती, हेही विसरता येत नाही. परंतु निकोटीनचा अंमल मेंदूवर चालतो, हे निर्विवाद आहे. तो अंमल ज्याने मागितला नाही त्याच्यावर लादण्याचा अधिकार कोणास आहे काय, एवढेच आमचे विचारणे आहे.

आम्ही शिक्षकी पेशात होतो, त्या काळी शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत सिगारेटी पेटत. ओढणारे दोघे-तिघेच, परंतु वयाने व मानाने मोठे. खिडकीकडेची जागा मिळावी म्हणून आम्ही वर्गातून घाईने येत असू. न मिळाल्यास वह्या घेऊन जिन्यात बसत असू. तोंडातून ब्र काढला नाही. डोके दुखे ते धुराने, की आपणास साधे ‘नको’ म्हणता येत नाही या जाणिवेने, हे आज सांगता येणार नाही. आम्हांस निदान जिना होता. एका खोलीच्या संसारात रात्री विडी पेटते, तेव्हा तेथील गृहिणीने व तिच्या लेकरांनी कोठे जावे?

हा प्रश्न मूठभरांचा नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच परक्या धुराला तोंड द्यावे लागत होते. २००९-१० मध्ये हे प्रमाण ५२.३ टक्के होते. म्हणजे सुधारणा झाली, परंतु ती पुरेशी नव्हे. सार्वजनिक जागेतील धूम्रपानाविरुद्ध मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. न धूम्रपान करणाऱ्याच्या जीविताच्या हक्काचा उल्लेख करून न्यायालयाने २००१ साली त्यावर बंदीचे आदेश दिले. २००३ साली कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सुधारित नियम देशभर लागू झाले. कचेरी, उपाहारगृह, आगगाडी येथील हवा त्यामुळे पुष्कळ निवळली. परंतु कायद्याचे पाऊल घराच्या उंबरठ्याशी थबकते, व तेथून पुढे सद्‌बुद्धीवाचून दुसरा शिपाई नाही.

धूम्रपान करणाऱ्यास खलपुरुष ठरविण्याची आमची इच्छा नाही. व्यसन जडलेला मनुष्य स्वतःही पीडितच असतो, आणि त्यातून सुटू पाहणाऱ्यास वैद्यकीय साहाय्य मिळाले पाहिजे. परंतु सुटका होईतो त्याने एवढे अवश्य करावे: विडी पेटवावयाची ती घराबाहेर, मुलाबाळांपासून दूर. खिडकी उघडल्याने वा पंखा लावल्याने भागत नाही; बंद जागेतील धुरापासून खरे संरक्षण एकच, तेथे धूरच न करणे. आणि उदास, चिडचिडी, झोप उडालेली स्त्री दवाखान्यात आली, तर डॉक्टरांनी इतर चौकशीबरोबर ‘घरात कोण विडी-सिगारेट ओढते?’ हेही विचारावे. या प्रश्नाला पैसा पडत नाही.

घरातील धाकट्याने ‘बाबा, बाहेर जाऊन ओढा ना’ म्हटले, तर तो उद्धटपणा मानू नये. आम्हांस तरुणपणी जे बोलण्याचा धीर झाला नाही, ते एखादे पोर बोलत असेल, तर वडीलधाऱ्यांनी निमूटपणे उठून उंबरठा ओलांडावा. त्यात त्यांचा मान कमी होणार नाही.