गरीब म्हणजे कोण?

इथे दुबईत शाळेत अरबी सक्तीची. मुलीच्या वहीत ‘गरीब’ या शब्दापुढे ‘विचित्र’ असा अर्थ पाहिला आणि थांबलो. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला अरबीत ‘फकीर’ म्हणतात. ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी, आणि म्हणून विचित्र. हिंदी-उर्दूतल्या ‘अजीबोगरीब’मध्ये हा जुना अर्थ अजून शाबूत आहे.

अरबीत याच धातूपासून ‘गर्ब’ म्हणजे पश्चिम आणि ‘गुरूब’ म्हणजे सूर्यास्त. दिवेलागणीला आपण रोज ऐकतो ती मगरिबची अजान त्याच कुळातली. मोरोक्कोचं अरबी नाव ‘अल-मगरिब’, आणि पोर्तुगालच्या दक्षिण टोकाचा अल्गार्व प्रांत म्हणजे मूळचा ‘अल-गर्ब’. धातूचा एक अर्थ ‘निघून जाणे’ असाही आहे. सूर्य जातो तसा आपल्या माणसांतून निघून गेलेला, तो गरीब.

मग हा परका आपल्याकडे येईपर्यंत निर्धन कसा झाला? मला यात फारसं आश्चर्य वाटत नाही. जुन्या काळी परमुलखात ना भाऊबंद, ना जमीन, ना कुणाची ओळख. अशा माणसाला रात्रीच्या भाकरीसाठीही दुसऱ्याच्या दाराशीच जावं लागणार. उर्दूतल्या ‘गुरबत’ला हे दोन्ही अर्थ आहेत, परदेशवास आणि दारिद्र्य. ‘सारे जहाँ से अच्छा’ आपण सगळे शाळेत म्हणत आलो, पण इक्बालच्या त्या 1904 मधल्या रचनेत ‘गुरबत’ येते ते कडवं सहसा गायलं जात नाही. तिथे तिचा अर्थ परदेशवास असाच आहे.

तुर्कीत ‘गारिप’ विचित्रही आणि बिचाराही. 1961 च्या करारानंतर जर्मनीत कामाला गेलेल्या तुर्कांना तिकडे ‘गुर्बेतची’ म्हणतात, म्हणजे आपल्यासारखेच.

मराठीत आणखी एक छटा आहे. ‘गरीब गाय’ म्हणताना आपण तिची मालमत्ता मोजत नाही. ती मारत नाही, शिंग उगारत नाही, एवढंच सांगतो. परक्या गावात मान खाली घालून राहणारा माणूसच त्या गायीत मला दिसतो. ‘गुरबत’ मात्र मराठीत रुजली नाही. परदेशवास आणि त्यातलं एकटेपण एका दमात सांगणारा शब्द आपल्याकडे नाही.

महिन्याच्या सुरुवातीला मनी एक्स्चेंजच्या रांगेत रत्नागिरीकडचे एक काका भेटतात. 23 वर्षं इथे, बहुतेक काळ एका खोलीत सहा जण. त्या पैशांतून गावी स्लॅबचं घर झालं, दोन मुलींची लग्नं झाली. गावात त्यांना आता कुणी गरीब म्हणत नाही. पुढच्या वर्षी कायमचे परत जाणार आहेत. गेल्या सुट्टीत शेजारच्या पोराने त्यांना दारात अडवून विचारलं होतं, “कोण पाहिजे?”