ऊसमळ्यांच्या बेटावर ४० वर्षं

मूल आणि घर : लेखांक ७

मेरी एन्सवर्थ यांचा प्रयोग गेल्या आठवड्यात पाहिला. आई खोलीबाहेर गेली आणि परत आली, तेवढ्या विसेक मिनिटांत वर्षभराचं बाळ कसं वागतं, ते त्यांनी टिपलं होतं. आजच्या लेखातल्या बाईंनी मुलं जन्मल्यापासून चाळिशीला पोचेपर्यंत त्यांचा माग ठेवला. त्यांचं नाव एमी वर्नर.

वर्नर यांचा जन्म १९२९चा, जर्मनीतला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. १९५२ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, १९५५ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात, डेव्हिस इथे, प्राध्यापक झाल्या. ज्या वर्षी त्यांना पदवी मिळाली त्याच वर्षी हवाई बेटांतल्या काउआई बेटावर ६९८ मुलं जन्मली. या मुलांनी वर्नर यांचं उरलेलं आयुष्य व्यापलं.

या अभ्यासाचं मोल कळायला आधी एक अडचण समजून घ्यावी लागते. तुरुंगात जाऊन कैद्यांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं तर काय हाती लागतं? दारू पिणारा बाप, मारहाण, गरिबी, मध्येच सुटलेली शाळा. मनोरुग्णालयातही पुष्कळदा हेच ऐकू येतं. या कहाण्या खऱ्याच असतात. पण ‘असं लहानपण म्हणजे पुढे वाटोळंच’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरू शकतो. तसंच लहानपण काढून पुढे नीट संसार करणारा, वेळच्या वेळी कामावर जाणारा माणूस तुरुंगात भेटत नाही आणि दवाखान्यातही नाही. त्याला विचारायला कोणी गेलेलंच नसतं. अनेक वर्षं मुलांच्या बिघडण्याविषयीचं बरंचसं ज्ञान असं उलट्या दिशेने, बिघडलेल्यांपासून मागे जात गोळा झालं होतं.

काउआईवर दिशा बदलली. १९५५ मध्ये बेटावर जन्मलेली सगळीच मुलं घ्यायची, निवडानिवड करायची नाही, आणि त्यांच्याबरोबर पुढे चालत राहायचं. आया गरोदर असतानाच नोंदी सुरू झाल्या. मूल वर्षाचं झाल्यावर परिचारिका घरी जाऊन आल्या. दुसऱ्या वर्षी बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी त्याला तपासलं. मग दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी पुन्हा गाठलं. काम अर्थातच पथकाचं होतं. काउआईवरच राहणाऱ्या मानसशास्त्रज्ञ रूथ स्मिथ वर्नर यांच्या सहलेखिका होत्या. बत्तिसाव्या वर्षापर्यंत ५०५ जण या अभ्यासात टिकून होते. एवढ्या काळात घरं बदलतात, लग्नं होतात, माणसं बेट सोडून जातात. त्यांना शोधून काढणं हीच केवढी तपश्चर्या!

बेट तेव्हा उसाचं होतं. मळ्यांत राबायला जपान, फिलिपिन्स, पोर्तुगाल इथून आलेल्यांचे वंशज आणि मूळचे हवाईयन असा तिथला समाज. सुमारे निम्म्या घरांत वडील मजुरी करणारे, आईचं शालेय शिक्षण अपुरं.

पहिल्या दहा वर्षांतच एक महत्त्वाची गोष्ट दिसली. बाळंतपणात गुंतागुंत झालेली मुलं चांगल्या घरात असली तर बहुतेक सावरत होती. जन्मावेळचा त्रास आणि घरची ओढगस्त एकत्र आली की मात्र नुकसान मोठं. मग वर्नर यांनी अशी मुलं वेगळी काढली, ज्यांच्या वाट्याला दोन वर्षांची होण्याआधीच चार किंवा अधिक संकटं आली होती : गरिबी, अवघड बाळंतपण, घरातली भांडणं किंवा फारकत, आईवडिलांचं व्यसन किंवा मनोविकार. त्यांतल्या दोन तृतीयांश मुलांना दहाव्या किंवा अठराव्या वर्षापर्यंत अभ्यासाच्या, वागणुकीच्या किंवा मनाच्या गंभीर अडचणी आल्या.

उरलेल्या एक तृतीयांश मुलांना आल्या नाहीत. ही ७२ मुलं : ४२ मुली, ३० मुलगे. शाळेत ठीक, घरी ठीक, पुढे काय करायचं याचा विचार असलेली. वर्नर यांची खरी कर्तबगारी मला इथे दिसते. सरासरीच्या तक्त्यात ही ७२ मुलं अपवाद म्हणून बाजूला पडली असती. वर्नर यांनी त्यांनाच प्रश्न केलं.

काही वाटा स्वभावाचा होता. ही मुलं तान्हेपणीच हसरी, लळा लावणारी होती, असं आयांनी सांगितलं होतं. अशा बाळाला कोणीही उचलून घेतं. दहाव्या वर्षी त्यांना बरं वाचता येत होतं. अनेकांवर घरातलं काही ना काही काम सोपवलेलं असे. पण पुन्हापुन्हा समोर येत गेलं ते एक माणूस. आईवडील कोलमडलेले असले तरी मुलाला धरून असलेलं, स्वतः स्थिर असलेलं, किमान एक मोठं माणूस. कधी आजी, कधी आजोबा, मावशी, काका, थोरली बहीण, शेजारीण. मुलं जरा मोठी झाल्यावर आवडत्या शिक्षकाचं नाव यायचं, चर्चमधल्या कोणाचं यायचं. थोरल्या भावंडाने सांभाळणंही उपयोगी पडे, मात्र पाठीशी मोठं माणूस असेल तरच. मुलावरच मूल टाकून दिलं तर नाही. १९८४ मध्ये वर्नर यांनी मुलांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांवर आणि पगारी माणसांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचं मूळ इथेच असावं.

हे वाचताना मला बीडकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं आठवल्याशिवाय राहत नाहीत. नवरा-बायकोचा कोयता दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतो. मूल बरोबर जातं, नाहीतर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. शाळेच्या अर्जावर आईचं, वडिलांचं नाव असतं. जी आजी त्या काळात त्याला उठवते, जेवू घालते, शाळेत धाडते, तिच्यासाठी अर्जात रकाना नसतो. अशा घरांसाठी योजना आखताना आधी तो रकाना हवा, आणि त्या आजीच्या औषधपाण्याची तरतूदही हवी. मुलाचा एकमेव आधार तीच असेल तर तिचं आजारपण हे मुलाचं संकट आहे.

या निष्कर्षांचा सोयीस्कर अर्थही लावला जातो : चिवट मुलं आपोआप तगतात, मदत कशाला? याला थोडा हातभार वर्नर आणि स्मिथ यांच्या १९८२च्या पुस्तकाच्या नावानेच लावला, असं मला वाटतं. त्या नावात या मुलांना ‘अजिंक्य’ म्हटलं होतं. अजिंक्य कोणीच नव्हतं. दोन तृतीयांश मुलं अडचणीत आलीच होती, आणि जी तगली त्यांच्यामागे कोणीतरी वर्षानुवर्षं खपलं होतं.

अडचणीत आलेल्यांचं पुढे काय झालं, हा या अभ्यासाचा सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग. अठराव्या वर्षी थांबलं असतं तर ती मुलं वाया गेली अशीच नोंद राहिली असती. बत्तिशी आणि चाळिशीत त्यांतले बरेचजण सावरलेले दिसले. कोणी कम्युनिटी कॉलेजात पुन्हा शिकायला गेलं होतं. कोणी सैन्यात भरती होऊन हातात कसब घेऊन परतलं. कोणाला समजूतदार जोडीदार मिळाला, कोणी धर्मसमुदायात रमलं. किशोरवयातच आई झालेल्या बहुतेक मुलींची स्थितीही तिशीत पुष्कळ सुधारली होती. मधल्या काळात, १९९२च्या सप्टेंबरात, इनिकी चक्रीवादळाने बेटाची दाणादाण उडवली, तरीही हे चित्र टिकलं. ज्यांना सावरता आलं नाही त्यांत दीर्घ मनोविकार किंवा व्यसन असलेले अधिक होते.

वर्नर २०१७ मध्ये गेल्या. पुढच्या आठवड्यात मेव्हिस हेदरिंग्टन : आईवडिलांचा घटस्फोट झाल्यावर मुलांचं काय होतं, हे त्यांनी व्हर्जिनियात अशीच वर्षानुवर्षं घरं धरून शोधलं.