सात हजारवाली एसएसडी

भाचीचा फोन लॅमिंग्टन रोडवरून आला. लॅपटॉप 256 जीबीचा मिळत होता आणि तिला आत मोठी एसएसडी टाकून घ्यायची होती. "मामा, दुकानदार म्हणतोय 7000वालीच घ्या, 3500वाली आता जुनी झाली." हे आकडे रुपयांचे नव्हेत, खोक्यावर छापलेल्या वेगाचे: सेकंदाला इतके एमबी.

आकडा खोटा नसतो. पीसीआयई 3ची एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला साधारण 3500 एमबी वाचते, पीसीआयई 4ची 7000च्या आसपास, पीसीआयई 5ची तर त्याच्याही दुप्पट जाते. पण हा वेग एकच भलीमोठी फाइल सलग वाचतानाचा. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून गोळा करायचे असतात. जुन्या हार्ड डिस्कमध्ये प्रत्येक तुकड्यासाठी ग्रामोफोनच्या सुईसारखा दांडा सरकायचा आणि तबकडी फिरून यायची. त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद जायचे. एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्साही लागत नाही. म्हणून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की जुना लॅपटॉप कात टाकतो. 3500वरून 7000वर गेलं, तर रोजच्या कामात फरक हातात घड्याळ धरूनच शोधावा लागतो. रोज मोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्याने जरूर घ्यावी. शिवाय लॅपटॉपचा स्लॉट पीसीआयई 3चा असेल, तर 7000वाली त्यात चालते, पण 3500च्याच चालीने.

वेगाआधी स्लॉट बघायचा, हे मी पैसे मोजून शिकलोय. एम.2 म्हणजेच एनव्हीएमई, असं अनेकांना वाटतं. एम.2 हा फक्त आकार. त्याच आकारात साटा पद्धतीची एसएसडीही येते आणि ती 550-560 एमबीच्या पुढे जात नाही. काही स्लॉट एकच प्रकार ओळखतात. त्यात लांबीचा घोळ वेगळा. 2280 म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 80 लांब. 2242 आणि 2230 ही त्याची धाकटी भावंडं. मी ऐटीत 2280 आणली, झाकण उघडलं, तर स्क्रूचं भोक 42 मिलिमीटरवर! पाकीट फोडलेलं, दुकानदार परत घेईना. तेव्हापासून आधी मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल वाचतो. आणि काही लॅपटॉपमध्ये प्रश्नच मिटलेला असतो: अलीकडच्या मॅकबुक एअरमध्ये साठवणूक बोर्डावरच पक्की केलेली असते. तिथे जी क्षमता लागेल ती खरेदीच्या दिवशीच ठरवायची.

"एसएसडी दोन-तीन वर्षांत झिजते," ही भीती मात्र अर्धी खरी. तिच्यातल्या पेशी लिहून लिहून झिजतात, हे खरंच. किती लिहिलं तर चालेल, हे टीबीडब्ल्यू या आकड्यात दिलेलं असतं. 1 टीबीच्या चांगल्या टीएलसी एसएसडीला तो बहुधा 600 टीबी असतो. रोज 40 जीबी लिहिलं तरी 600 टीबी भरायला चाळीस वर्षं लागतील, आणि साधा माणूस रोज तेवढं लिहीत नाही. प्रत्येक पेशीत तीनऐवजी चार बिट कोंबणाऱ्या स्वस्त क्यूएलसीत हा आकडा 200च्या आसपास उतरतो. तोही घरच्या वापराला पुरतो. तिचं खरं दुखणं वेगळंच: एका दमात शंभरेक जीबी कॉपी करायला घ्या, सुरुवातीला धावते आणि तात्पुरती राखीव जागा भरली की बैलगाडी होते.

डीरॅम, म्हणजे स्वतःची रॅम, नसलेली एसएसडी टाकाऊ, हेही जुनं झालं. आताच्या अशा एनव्हीएमई एसएसडी लॅपटॉपच्या रॅममधला छोटा तुकडा उसना घेऊन भागवतात. 512 जीबीची घेतली आणि विंडोजने 476 दाखवले, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या.

सगळ्यात महागात पडणारा समज वेगळाच आहे: आत फिरणारं काही नाही, म्हणजे डेटा सुरक्षित. हार्ड डिस्क बिघडण्याआधी बऱ्याचदा टकटक करून सांगते. एसएसडीचा कंट्रोलर गेला, तर बहुधा काहीच न सांगता जातो. चुकून डिलीट केलेली फाइलही परत मिळणं कठीण, कारण ट्रिम नावाची आज्ञा ती जागा मोकळी करायला लावते. लग्नाचे फोटो भरून कपाटात वर्षानुवर्षं ठेवायलाही ती बरी नाही. वीज नसताना पेशींतला विद्युतभार हळूहळू गळतो, आणि झिजलेल्या एसएसडीत तो जास्त लवकर.

भाचीने शेवटी 1 टीबीची 3500वालीच घेतली. म्हटलं, वाचलेल्या पैशांत बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क घेऊन टाक. "मामा," ती म्हणाली, "त्यात कॉलेजची सॅक घेतली."